प्लेगची उधारी आणि निळं कापड

माझ्या बापाकडं दोन वह्या आहेत. एक लाल पुठ्ठ्याची, तिच्यात गाव त्याचं काय देणं लागतं ते. दुसरी शाळेची चाळीस पानी, तिच्यात तो दुसऱ्याचं काय देणं लागतो ते. बाप शिलाईकाम करतो. सास्तूरला, लोहारा तालुक्यात. सातवी शिकलेला. पण हिशेबाला पक्का, पैशाला पैसा लावून लिहितो. ह्या दोन वह्या मी मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा नीट वाचल्या, आणि त्या वाचता वाचता मला इतिहास लिहावासा वाटला. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. सोलापूरला सूतगिरणीत रिंग खात्यात साच्यावर उभा राहतो, तुटलेला धागा जोडतो. पाळी सुटली की वाचनालयात बसतो. जे वाचलं आणि जे बघितलं ते सांगतो.

रोगराई आली की धंदा कसा सावरावा, ह्यावर आता शहाणी माणसं पुष्कळ बोलतात. राखीव भांडवल ठेवा, माल कमी भरा, धंद्याचे दोन मार्ग ठेवा. बरोबर आहे. पण ज्याच्याकडं राखीव म्हणून आहे ती फक्त दुसऱ्याची उधारी, त्यानं काय राखायचं? आणि हा प्रश्न २०२० सालचा नाही. तो सव्वाशे वर्षं जुना आहे.

२३ सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारं, गोदी, हमाल, उंदीर. मुंबईची वस्ती १८९१ च्या खानेसुमारीत आठ लाख एकवीस हजारांवर होती. १८९७ चा फेब्रुवारी येईतो त्यातली जवळजवळ निम्मी माणसं शहर सोडून गेली. आधी कोण गेलं? ज्याच्याकडं जायला पैसा आणि राहायला दुसरं घर होतं तो. पेढीवाले, भुसारी व्यापारी, वाणी, सावकार. मग कोकणातला, देशावरचा गिरणीवाला कामगार गेला. आगगाडीने गेला तर कल्याणला उतरवून तपासत. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला कसं तपासत असतील ते मी लिहीत नाही, तुम्ही सगळे तिसऱ्या वर्गातूनच आलेले आहात.

आता इथं थांबा. पुस्तकात लिहितात, कामगार घाबरून पळाला. घाबरला तर होताच. पण नुसतं तेवढंच नव्हतं. गिरणीचा पगार महिना भरल्यावर, तोही मागं ठेवून मिळायचा. मधले दिवस कामगार जगायचा कशावर? नाक्यावरच्या वाण्याच्या वहीवर. खानावळीच्या उधारीवर. म्हणजे गिरणी चालायची ती मालकाच्या भांडवलावर तर खरंच, पण तितकीच ह्या उधारीवरही. मालक कामगाराचा पगार महिनाभर बिनव्याजी वापरत होता आणि त्याला तोवर पोसत होता कोपऱ्यावरचा दुकानदार. हा दुकानदार पळाला. वही मिटली. मग हातात रोज रोकडा नसेल तर कामगाराने शहरात राहून दोन वेळा खायचं काय?

म्हणून जे कामगार मागं राहिले त्यांनी रोजच्या रोज पगार मागितला. गिरणीमालकांनी आपसात ठरवलं होतं की अशी मागणी मान्य करायची नाही. पण साचे बंद पडले होते. एकेक मालक गुपचूप फुटला. शेवटी १८९७ सालच्या सुरवातीला मुंबईच्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर कामगारांचे लिलाव लागले. हो, लिलाव. माणसांचे नाही, माणसांच्या दिवसाचे. ह्या गिरणीचा जॉबर एक बोली बोले, त्या गिरणीचा त्याच्यावर दोन आणे चढवी. कामगार सकाळी ज्याची बोली जास्त त्याच्या फाटकात शिरे. काही मालकांनी गिरणीच्या आवारातच झोपड्या बांधून दिल्या, कामगार हातचा जाऊ नये म्हणून.

मला ही गोष्ट वाचली तेव्हा हसू आलं. रात्रपाळी करून आलो होतो, वाचनालयात एकटाच हसलो. आपल्या कामाला कुणी बोली लावतंय, हे चित्र आमच्या गिरणीच्या फाटकाशी उभं राहून डोळ्यापुढं आणून बघा.

पण मित्रांनो, हसून झाल्यावर दुसरा प्रश्न विचारायला हवा. आपला माणूस त्या कोपऱ्यावर होता का? होता. सूत खात्यात होता. विणकाम खात्यात नव्हता. तिथं धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात येऊ देत नसत, आणि पगार त्याच खात्यात जास्त. इतकी टंचाई झाली, लिलाव झाले, तरी ते दार उघडलं नाही. नाहीतर १९२८ च्या संपात बाबासाहेबांना ती मागणी मांडावी लागली नसती. म्हणजे मालकाला महामारीत पैशाचा नियम मोडता आला. जातीचा मोडता आला नाही. तो सोबतच्या कामगारांनीच सांभाळला.

आणि एक माणूस असा होता की त्याच्या कामाला कुणी बोलीच लावू शकत नव्हतं. मुंबई म्युनिसिपालटीचा हलालखोर, झाडूवाला, मैला उचलणारा. १८९० साली मुंबई सरकारने म्युनिसिपल नोकरांचा कायदाच केला होता. सफाई कामगाराने नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा. गिरणीवाला पळाला तर साचा बंद, हा पळाला तर हा तुरुंगात. गंमत बघा. प्लेगच्या वेळचा म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्याने आपल्या अहवालात कबूल केलंय की त्याला सर्वांत मोठी धास्ती होती ती ह्याच माणसांची. हे निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. ज्यांच्या सावलीचा विटाळ, त्यांच्या जाण्याची एवढी भीती. सक्तीचे उपाय फार ताणू नयेत, असं कमिशनरला वाटलं ते दयेपोटी नाही, ह्या भीतीपोटी. आमचा संप करण्याचा हक्क कायद्याने काढून घेतला होता, तरी आमचं नुसतं असणं हाच एक संप होता.

४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा आला. चारच कलमांचा. सरकारला वाटेल तो उपाय करण्याची मोकळीक, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्या कलमात अधिकाऱ्यांना संरक्षण की त्यांच्यावर दावा चालणार नाही. एवढी घाई कशाची होती? युरोपातली बंदरं मुंबईच्या मालाला बंद होऊ लागली होती. व्यापार वाचवायचा होता. मोठ्याचा व्यापार. लहानाच्या दुकानाचं छप्पर उघडून ऊन आत सोडत होते, आतला माल धुवून-जाळून टाकत होते. त्याच महिन्याच्या ९ तारखेला नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून देणारा माणूस. १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, आणि त्याच्यात गेल्या. एका महिन्यात आपले दोन आधार. रँडसाहेबाला गोळी कुणी घातली ते शाळेत पाठ करून घेतात. हे दोन मृत्यू मला शाळेत कुणी सांगितले नाहीत.

प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. गलिच्छ वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे. पाडल्या जास्त, बांधल्या कमी. पण ज्या बांधल्या त्यातलीच एक परळची चाळ, जिथं बाबासाहेब १९१२ पासून वीसएक वर्षं राहिले. कोलंबियाला गेले ते त्या घरातून, महाडला गेले तेही त्या घरातून. आपल्यापैकी कितीजण ती खोली बघायला जातात. तिच्या भिंती प्लेगने उभ्या केल्या आहेत, हेही माहीत असू द्या.

१९१८ च्या साथीला आमच्याकडं मानमोडी म्हणत. तिच्याबद्दल थोडंच सांगतो, कारण एक आकडाच पुरे आहे. मुंबई शहरात त्या साथीत हजारी मृत्यू किती ते जातवार मोजलं होतं. युरोपियन ८.३. सवर्ण हिंदू १८.९. आणि ‘खालच्या जातीचे हिंदू’ ६१.६. विषाणू जात पाळत नाही असं २०२० मध्ये टीव्हीवर सांगत होते. पाळत नसेल. पण खोली पाळते, पाण्याचा नळ पाळतो, आजारी पडल्यावर कामावर न जाण्याची सोय पाळते. त्या साथीनंतर महागाई एवढी की १९१९ च्या जानेवारीत लाखावर गिरणी कामगार संपावर गेले.

सास्तूर तेव्हा निजामाच्या राज्यात. आमच्या आजीला तिच्या आजीनं सांगितलेलं असं, की ‘पलेग’ आला की अख्खं गाव रानात जायचं. शेतात झोपड्या घालून राहायचं. घरांना कुलपं. आणि मोकळ्या गावाची राखण? येसकराची. गाव रोगाला भिऊन बाहेर, आणि जो एरवी गावाबाहेर, तो गावात राखणीला. आजी हे हसत सांगायची. “कधी नव्हं ती आपली मानसं पाटलाच्या वाड्याच्या वट्ट्यावर बसली बग.” बलुत्याचा वाटा मात्र त्या साली कमी मिळाला, कारण सुगीच झाली नाही.

आता बापाच्या वहीकडं येतो.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला तेव्हा बाप वीस वर्षांचा होता. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपले होते. किल्लारीचं नाव जगात झालं, पण सास्तूरही तितकंच झोपलं ते उठलं नाही. बापानं त्यात काय गमावलं ते तो बोलत नाही, म्हणून मीही लिहीत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये असताना एका संस्थेनं त्याला शिलाईमशीन दिलं. आजोबा मजुरी करायचे, पोरगा शिंपीकाम शिकला. भूकंपानं आमच्या घरात एक धंदा आणला, असं म्हणायला जीभ वळत नाही, पण झालं तसं. तेव्हापासून त्याची एक सवय आहे. रात्री मशीन दाराजवळ सरकवून झोपतो. वह्या, रेशनकार्ड, जातीचा दाखला पत्र्याच्या पेटीत, पेटी मशीनखाली. पुन्हा कधी धरणी हलली तर एका उडीत हातात येईल असं. संकटाची तयारी म्हणतात ती आमच्या घरी एवढीच, आणि ती तीस वर्षं चुकलेली नाही.

पण रोगराई दारातून आत येत नाही. ती गिऱ्हाइकाला बाहेर ठेवते.

बापाचा धंदा वर्षात दोनदा फुलतो. एक लग्नसराई. दुसरा चौदा एप्रिल. निळे झेंडे, पंचशील झेंडे, पताका, पोरांचे पांढरे सदरे, बायकांच्या पांढऱ्या साडीला फॉल. जवळपासच्या गावांतली मंडळं त्याच्याकडून झेंडे नेतात. त्यासाठी फेब्रुवारीतच कापड भरावं लागतं. २०२० च्या फेब्रुवारीत त्यानं सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून अठरा हजारांचं कापड उचललं. चार हजार रोख, बाकी जयंतीनंतर. चाळीस पानी वहीत नोंद आहे.

१३ मार्चला महाराष्ट्र सरकारनं साथीचा कायदा लागू केला. कुठला? तोच, १८९७ चा. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशाला सांगण्यात आलं, उद्यापासून एकवीस दिवस बंद. चार तासांची सवड. ह्या एकवीस दिवसांत चौदा एप्रिल बसत होता.

आमची गिरणी बंद झाली. सोलापूर ते सास्तूर नव्वद-शंभर किलोमीटर. मी थोडा चाललो, थोडा भाजीच्या टेम्पोत बसलो, उमरग्याच्या अलीकडं पुन्हा उतरवलं, पुन्हा चाललो. २९ मार्चला केंद्र सरकारनं हुकूम काढला की बंदच्या काळातला पगार पूर्ण द्यावा. मे महिन्यात तो हुकूम मागं घेतला. मला पगार मिळाला मार्चचे चोवीस दिवस. १८९७ च्या कामगारापाशी एक गोष्ट होती, साचा चालू होता आणि हात कमी होते. आमच्यापाशी हात होते, साचाच बंद. बोली कोण लावणार? पुढं जूनमध्ये काही ठिकाणी मालकांनी उत्तरेतले कामगार परत आणायला गाड्या धाडल्या, विमानाची तिकिटंसुद्धा काढली. तेवढाच लिलाव पुन्हा झाला म्हणायचा.

घरी आलो तर निळ्या कापडाचे तागे भिंतीला लावलेले. अर्ध्या कापडाचे झेंडे कापून, अशोकचक्र छापून तयार. अर्धं अजून कोरं. बाप मशीनवर हात ठेवून बसलेला. आई म्हणाली, “मास्क शिवा की. आरोग्य खात्याच्या बाया इचारत होत्या.” मास्क सुती लागतो, हे कापड सुती होतं. इलॅस्टिक कुठंच मिळेना, मग नाड्या लावायच्या ठरल्या.

आणि वस्तीत वाद झाला. आमच्या विहारात जे वडीलधारे बसतात त्यांतले एकजण घरी आले, लांब उभे राहिले, म्हणाले, “निळ्या कापडात लोक शिंकणार, थुंकणार, उद्या उकिरड्यावर टाकणार. तुला हे पटतंय का?” बाप बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “झेंडा झालंय ते झेंडा. त्याला सुई लावणार न्हाई. जे अजून झालं न्हाई ते कापड हाय. त्यो रंग म्या इकत घेतलाय, त्याचं पैसं द्यायचं हायत.”

मला तेव्हा बापाचं पटलं नाही. एकवीस वर्षांचा होतो, कविता लिहीत होतो, निळा रंग म्हणजे माझ्या दोन वह्या भरलेल्या. मी रागानं म्हणालो, झेंडे फुकट वाटून टाकू, प्रत्येक घरावर एक. बाप म्हणाला, “वाट. आन् व्यापाऱ्याला काय कविता देऊ?” आज मला वाटतं, त्या दिवशी अर्थशास्त्र घरात एकट्या त्यालाच येत होतं. तरीही त्या वडीलधाऱ्या माणसाचं दुखणं खोटं नव्हतं, हेही लिहून ठेवतो. तुम्ही तुमच्या मंडळात ह्याच्यावर वाद घाला.

कोऱ्या कापडाचे मास्क झाले. दहा रुपयाला एक. मी कापायचो, आई नाड्या करायची, बाप शिवायचा. पहिल्या पंधरवड्यात बरे गेले. गंमत म्हणजे निळा मास्क गावातही गेला, कारण दुसरा मिळतच नव्हता. जे घर आमच्या मिरवणुकीच्या दिवशी दार लावून घेतं, त्या घरातला माणूस दोन महिने तोंडाला जयंतीचं कापड बांधून फिरला. त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही सांगितलं नाही. मग कारखान्याचे तयार मास्क पाच रुपयाला आले आणि आमचा धंदा बसला.

त्या वर्षी जयंती घरात झाली. उंबऱ्यावर मेणबत्ती, भिंतीवर फोटो. सहा डिसेंबरला सरकारनं सांगितलं चैत्यभूमीवर येऊ नका, घरूनच अभिवादन करा. आम्ही ऐकलं, ते बरोबरच केलं. पण दादरला त्या दिवशी पुस्तकं, कॅलेंडरं, मूर्ती, गाण्यांच्या चिपा विकून जे वर्ष काढतात त्यांचा विचार कुठल्या पॅकेजात होता? आपला हा छोटा बाजार आपणच उभा केलाय. बाबासाहेबांचं एक पुस्तक पालावर विकत घेतलं की त्यातले चार पैसे एका आपल्याच घरात जातात. तो बाजार दोन वर्षं मुका झाला.

सरकारनं मदत केली नाही असं नाही. मे २०२० मध्ये लहान उद्योगांना तारणाविना तीन लाख कोटींची कर्जयोजना जाहीर झाली. पण ती २९ फेब्रुवारीला तुमच्या नावावर जे बँकेचं कर्ज असेल त्याच्या वीस टक्के. म्हणजे ज्याला बँकेनं आधी दारात उभं केलं होतं त्यालाच पुन्हा. बापाचं कर्ज व्यापाऱ्याच्या वहीत, बँकेच्या वहीत त्याचं नावच नाही. जूनमध्ये फेरीवाल्यांना दहा हजारांची योजना आली, चांगली होती, पण शहरात धंदा करणाऱ्यांसाठी. सास्तूर खेडं. हप्ते सहा महिने थांबवायची सवलत आली, तीही बँकांच्या आणि कंपन्यांच्या हप्त्यांना, आणि व्याज चालूच. दुकानदाराच्या उधारीला तसली सवलत मिळाली नाही. १८९७ च्या वाण्याची वही आणि २०२० च्या व्यापाऱ्याची वही, ह्या साथीतही त्या वहीपर्यंत सरकार पोचलं नाही.

ह्याला एक तोड गिरणगावातल्या बायांनी काढली होती. खानावळवाल्या. गिरणी कामगाराला महिनाभर जेवू घालायचं आणि पगाराच्या दिवशी फाटकाशी उभं राहायचं, तोवर सावकाराचं व्याज भरायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव ह्यांनी ह्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. एकटीला बँक विचारत नव्हती, गटाला राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा ह्या बायांच्या वह्याही बुडाल्या. संपाचा इतिहास डॉ. सामंतांच्या नावाने लिहितात, ठीक आहे. पण संप पहिले काही महिने ज्या ताटावर चालला, त्या ताटाचा हिशेब कुठं आहे? मी शोधतोय. कुणाच्या घरी आजीची अशी वही असेल तर फेकू नका, मला कळवा, मी येऊन उतरवून नेईन.

२०२१ चा एप्रिलही तसाच गेला. त्या महिन्याच्या अखेरीस लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, मग सदरे कोण शिवणार? बापानं त्या वर्षी दुसऱ्याच्या शेतात सोयाबीन काढलं. आईच्या गटाच्या भिशीतून व्यापाऱ्याचे पाच हजार गेले. उरलेल्या रकमेवर त्यानं शेकडा दोन व्याज लावलं, तेही वहीत आहे. लाल वहीत मात्र २०२० आणि २०२१ ची पानं वेगळी दिसतात. त्यात ज्या घरी माणूस गेला त्या घराच्या रकमेवर बापानं एक आडवी रेघ मारली आहे. अशा अकरा रेघा आहेत. मी विचारलं, ह्यांनी दिले का? तो म्हणाला, “न्हाई. मिटलं.” व्यापाऱ्यानं त्याची एकही रेघ मारली नाही.

१ एप्रिल २०२२ ला निर्बंध उठले. दोन वर्षं पेटीत घडी घालून ठेवलेले झेंडे बाहेर काढले. घडीच्या जागी रंग उतरला होता, प्रत्येक झेंड्यावर अधिकच्या चिन्हासारखा फिका पट्टा. बापाला वाटलं कुणी घेणार नाही, किमती निम्म्या कराव्या लागतील. दहा एप्रिलपर्यंत एकही झेंडा उरला नाही. शेवटचे तीन मंडळांनी भांडून नेले. मिरवणुकीत बघितलं तर लांबून ते फिके पट्टे दिसत होते, आणि कुठला झेंडा आमच्या घरचा ते मला ओळखता येत होतं. व्यापाऱ्याचे शेवटचे दोन हजार तीनशे मे महिन्यात फिटले.